दुसऱ्या काट्याची गोष्ट

ओसाड रस्त्याच्या दोन टोकांना दोन माणसे एकमेकांकडे तोंड करून उभी आहेत, वाऱ्याने धूळ उडते आहे, दुकानांची दारे भराभर लागत आहेत आणि कोठल्याशा खिडकीतून एक लहान मूल डोळे विस्फारून पाहते आहे, एवढे चित्र पडद्यावर उमटले, की ज्याने अमेरिकेचा नकाशाही कधी न्याहाळलेला नाही असा चिपळूणचा किंवा चाळीसगावचा प्रेक्षकसुद्धा खुर्चीत सावरून बसतो. पुढे काय होणार हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. या दोघांपैकी एकजण थोड्याच वेळात धुळीत पडेल हे तो जाणतो, आणि जो उभा राहील तोही त्या गावात फार दिवस नांदणार नाही, हेही त्याला मनोमन ठाऊक असते. हे ज्ञान त्याला कोठून मिळाले?

हेच कोडे आपल्या घराजवळूनही घालता येते. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेला ‘शोले’ मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षे चालला. त्यातील आगगाडीवरच्या दरोड्याचा प्रसंग मुंबई-पुणे लोहमार्गावर पनवेलजवळ चित्रित झाला, आणि रामगढ हे गाव बंगळूरनजीकच्या रामनगरच्या खडकाळ टेकड्यांच्या पायथ्याशी उभारले गेले. कोळशाचे इंजिन, त्याच्याशी स्पर्धा करीत दौडणारे घोडेस्वार, उघडे खडक, पैसे देऊन आणलेले दोन बंदूकबाज आणि धास्तावलेले गाव ही सारी मांडणी सातासमुद्रांपलीकडच्या एका कथाप्रकारातून आलेली होती. तरीही ती कोणाला परकी वाटली नाही. त्या कथाप्रकाराचे, म्हणजे ‘वेस्टर्न’चे, यंत्र उघडून पाहावे, त्याचा कोणता भाग कोणत्या माध्यमाने बदलला आणि कोणता भाग सहसा कोणाला बदलता आला नाही हे तपासावे, असा या लेखाचा हेतू आहे.

वीस वर्षांचा मुलूख

प्रथम प्रदेश आणि काळ. आपण ज्याला पाश्चात्त्य म्हणतो ते येथे अभिप्रेत नाही. मिसिसिपी नदीपलीकडे पॅसिफिक महासागरापर्यंत पसरलेला अमेरिकेचा जो पश्चिम मुलूख, त्याच्या वसाहतीची कथा म्हणजे वेस्टर्न. १८६५ साली तेथील यादवी युद्ध संपले तेव्हा टेक्सासच्या माळरानावर मोकाट गुरांचे अमाप कळप चरत होते. तेथे चार डॉलरला मिळणारे जनावर उत्तरेकडील बाजारात चाळीस डॉलरपर्यंत जाई, आणि साऱ्या गुराखी-युगाचा आर्थिक झरा या तफावतीत होता. १८६७ साली जोसेफ मकॉय नावाच्या व्यापाऱ्याने कॅन्सस प्रांतातील ॲबिलीन या रेल्वेच्या ठाण्यावर गुरांसाठी आवारे बांधली, आणि टेक्सासमधून शेकडो मैल कळप हाकीत आणून तेथे आगगाडीत चढविण्याचा प्रघात पडला. हे काम करणारा तो काउबॉय, म्हणजे शब्दशः आपला गुराखी; महिना तीस-चाळीस डॉलर वेतनावर, दिवसाला दहा-पंधरा मैलांच्या चालीने, धुळीतून आणि पावसातून जनावरांमागे फिरणारा मजूर. यांतील पुष्कळजण कृष्णवर्णीय होते, पुष्कळ मेक्सिकन होते. रँच, लासो, रोडिओ हे या धंद्यातील शब्दच मुळी स्पॅनिश भाषेतून आलेले आहेत.

हे युग टिकले किती? १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे जमीन कसून वहिवाट सिद्ध करणाऱ्याला १६० एकरांची सनद मिळू लागली होती, आणि अशा शेतकऱ्यांची वस्ती पुढे पुढे सरकत होती. १८७४ साली जोसेफ ग्लिडन याने काटेरी तारेच्या कुंपणाचे पेटंट घेतले आणि मोकळ्या कुरणाला हद्दी पडू लागल्या. १८८६-८७ च्या भयंकर हिवाळ्यात अगणित गुरे थंडीने मेली. आणि १८९० च्या खानेसुमारीच्या अहवालात तर असे नमूद झाले, की वस्ती आणि निर्जन प्रदेश यांमधील सरहद्द नकाशावर रेघ मारून दाखविता येईल अशी आता उरलेलीच नाही. सारा कारभार वीस-पंचवीस वर्षांत आटोपला. त्यातील ज्या झटापटीचा सर्वाधिक डंका वाजला, ती ॲरिझोनातील टूमस्टोन गावची २६ ऑक्टोबर १८८१ ची चकमक, सुमारे तीस सेकंदांत संपली आणि तीत तीन माणसे मेली. तिचे तात्कालिक कारण फार बोलके आहे. गावात शस्त्र बाळगून हिंडू नये असा त्या नगराचा हुकूम होता, आणि त्याच्या अंमलबजावणीवरून तो तंटा पेटला होता.

इतक्या अल्प काळातून इतक्या कथा निघाल्या याचे आपण मराठी माणसांनी नवल करू नये. पानिपतचा एक दिवस आपल्याला अडीचशे वर्षे पुरून उरला आहे. काळ लहान असला तरी त्यात एखादा प्रश्न अर्धवट राहून गेला, की पुढच्या पिढ्या तो पुन्हा पुन्हा हाती घेतात. वेस्टर्नमध्ये राहून गेलेला प्रश्न कोणता, हे आता पाहू.

यंत्र उघडून पाहताना

काट्याने काटा काढावा, असे आपण म्हणतो. पायात रुतलेला काटा दुसऱ्या काट्याने उकरून बाहेर काढल्यावर आपण काय करतो? दोन्ही काटे फेकून देतो. ज्याने उपकार केला तो काटाही कोणी जपून ठेवीत नाही, कारण तोही तितकाच तीक्ष्ण असतो आणि अंगणात राहिला तर उद्या घरातल्या मुलाच्याच पायात जायचा. वेस्टर्न कथेचे यंत्र जवळजवळ एवढेच आहे. तिची सारी करुणा या दुसऱ्या काट्याच्या वाट्याला आलेली आहे.

हे यंत्र चालते कसे ते क्रमाने पाहू. पहिली गोष्ट म्हणजे जागा. कायद्याचा दावा जेथे पोहोचला आहे, पण कायद्याचा हात पोहोचलेला नाही, असे ते गाव असते. कागदोपत्री ते तालुक्यात सामील झाले आहे, दप्तरात त्याचे नाव चढले आहे, परंतु मामलेदार अजून घोड्यावरून उतरलेला नाही, असे म्हटले म्हणजे आपल्याला ती स्थिती कळते. संपूर्ण रान असेल तर तेथे वेस्टर्न घडत नाही आणि पक्का अंमल बसला असेल तरीही घडत नाही. दोहोंमधील त्या चिंचोळ्या पट्टीवरच ती घडते. दुसरी गोष्ट म्हणजे गावातील वसाहतवाले. त्यांना शेत हवे, शाळा हवी, प्रार्थनामंदिर हवे, पण ही सारी मिळविण्यासाठी लागणारी मारामारी त्यांच्या अंगात नाही. तिसरा येतो तो बळाने पाणी, कुरण किंवा पैसा बळकावणारा दांडगेश्वर. आणि चौथा नायक, जो मनाने वसाहतवाल्यांच्या जवळचा आणि हाताच्या कसबाने दांडगेश्वराच्या जवळचा. गावाला ज्या गुणासाठी तो हवा असतो, त्याच गुणामुळे काम झाल्यावर तो गावात राहू शकत नाही.

१९५३ सालच्या ‘शेन’ या जॉर्ज स्टीव्हन्स यांच्या चित्रपटात हे यंत्र इतके निर्मळ दिसते, की शिकणाऱ्याने आरंभ त्यापासूनच करावा. एक अनोळखी स्वार एका शेतकरी कुटुंबात येतो, बंदूक बाजूला ठेवून कुऱ्हाड हाती घेतो, त्या घरचा होऊ पाहतो. पण शेवटी त्याला पुन्हा बंदूक उचलावी लागते, आणि उचलल्यावर जखमी अंगाने डोंगराच्या दिशेने निघून जावे लागते, मागून त्या घरचा मुलगा हाका मारीत असतानाही. आदल्या वर्षीच्या ‘हाय नून’मध्ये गावचा मार्शल दुपारच्या गाडीने येणाऱ्या वैऱ्याविरुद्ध गावकऱ्यांकडे मदत मागतो, एकेक दार त्याच्या तोंडावर लागते, भिंतीवरचे घड्याळ चालत राहते, कथेतील काळ आणि प्रेक्षकाच्या मनगटावरील काळ जवळपास बरोबरीने सरकतात, ही दिग्दर्शक फ्रेड झिनेमन यांची योजना. लढून जिंकल्यावर तो मार्शल आपल्या छातीवरचा बिल्ला धुळीत टाकतो आणि गाव सोडतो. जॉन फोर्ड यांचा ‘द सर्चर्स’ (१९५६) एका उघडणाऱ्या दाराने सुरू होतो आणि मिटणाऱ्या दाराने संपतो; सारे घरात जातात, ज्याने पळवलेली मुलगी परत आणली तो एकटा उंबऱ्याबाहेर राहतो.

माझ्या मते या सर्वांत प्रामाणिक चित्रपट म्हणजे फोर्ड यांचाच १९६२ चा ‘द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’. त्यात एका गुंडाला मारल्याचे श्रेय एका वकिलाला मिळते, त्या कीर्तीवर तो विधिमंडळात जातो, प्रांताला कायद्याचे राज्य लाभते. प्रत्यक्षात गोळी झाडणारा माणूस मात्र विस्मृतीत मरतो आणि साध्या लाकडी पेटीत निजतो. कायद्याच्या इमारतीचा पायाच कायद्याबाहेरच्या एका गोळीवर उभा आहे, ही गोष्ट तेथील वर्तमानपत्राच्या संपादकाला कळते आणि तो ती छापीत नाही. वेस्टर्नमध्ये अर्धवट राहिलेला प्रश्न तो हाच: व्यवस्था ज्या हिंसेतून जन्माला आली, त्या हिंसेचे पुढे काय करावयाचे?

चौकट: तीन अंमलदार, तीन अधिकार

*या कथांत ‘शेरीफ’ आणि ‘मार्शल’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि वाचकाचा गोंधळ होतो. शेरीफ हा काउंटीचा, म्हणजे आपल्या समजुतीने जिल्ह्याचा, मतदारांनी निवडून दिलेला फौजदार. नगराचा मार्शल हा एका गावापुरता नेमलेला कोतवाल. ‘यू. एस. मार्शल’ हा वॉशिंग्टनच्या सरकारचा अंमलदार, प्रांतभर फिरणारा. तिघांच्या हद्दी एकमेकींत शिरत, त्यावरून कज्जे होत, आणि कथाकारांना त्यातून पुष्कळ मजकूर मिळे. मुंबईतही इंग्रजी अमदानीपासून शेरीफ हे पद, म्हणजे नगरपाल, चालत आले. पण ते केवळ मानाचे.*

कागद, रिंगण, पडदा

हे यंत्र प्रथम कागदावर घडले. जेम्स फेनिमोर कूपर यांनी १८२३ पासून अरण्यातील एकाकी शिकाऱ्याच्या कादंबऱ्या लिहिल्या. १८६० पासून दहा सेंटला एक या दराने स्वस्त पुस्तिका निघू लागल्या. १९०२ साली ओवेन विस्टर यांच्या ‘द व्हर्जिनियन’ने काउबॉयला सभ्य, मितभाषी, वचनाला जागणारा नायक बनविले. मजुराचा सरदार झाला तो येथे. पुढे झेन ग्रे या दंतवैद्याने धंदा सोडून अशाच कादंबऱ्यांचा रतीब घातला, आणि जर्मनीत कार्ल माय यांनी तो प्रदेश न पाहताच विनेटू नावाच्या अपाची सरदाराच्या कथा लिहून पिढ्यान्‌पिढ्या मुलांना वेड लावले.

कागदानंतर रिंगण. विल्यम कोडी ऊर्फ बफेलो बिल याने १८८३ साली घोडे, रानरेडे, नेमबाज आणि खरेखुरे मूलनिवासी घेऊन एक फिरता खेळ उभा केला, आणि १८८७ साली तो राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात लंडनला दाखविला. लकोटा या मूलनिवासी जमातीचा थोर नेता सिटिंग बुल १८८५ च्या हंगामात या रिंगणात मिरवला. पाच वर्षांनी, १५ डिसेंबर १८९० रोजी, तो पोलिसांच्या गोळीने मेला. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानिमित्त इतिहासकार फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी सरहद्द संपल्याचा आपला सुप्रसिद्ध निबंध वाचला, आणि त्याच उन्हाळ्यात प्रदर्शनाच्या आवाराला लागून बफेलो बिलचा खेळ रोज त्या सरहद्दीचे नाटक करीत होता. एकाने मृत्यूचा दाखला दिला आणि दुसऱ्याने तिकीट लावून पुनर्जन्म दाखविला, असे म्हणावयास हरकत नाही. इतिहास संपता संपताच त्याचा तमाशा सुरू झाला असे उदाहरण विरळाच.

चित्रपटाने या तमाशाला जे दिले ते क्षितिज. १९०३ चा ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ अवघ्या बारा-एक मिनिटांचा आणि पूर्वेकडच्या न्यू जर्सीच्या परिसरात चित्रित केलेला असल्याने त्यात खरा पश्चिम प्रदेश नव्हताच. परंतु दरोडा, पाठलाग आणि चकमक हा क्रम त्याने बसवून दिला, आणि एका दरोडेखोराला थेट प्रेक्षकावर पिस्तूल रोखावयास लावले. जॉन फोर्ड यांनी १९३९ साली ‘स्टेजकोच’साठी आपला कॅमेरा युटा-ॲरिझोनाच्या सीमेवरील मॉन्युमेंट व्हॅलीत नेला. तेथे लाल दगडाचे शेकडो फूट उंचीचे सुळके माळावर एकाकी उभे आहेत. त्यांच्यापुढून जाणारी घोडागाडी मुंगीएवढी दिसते, आणि शब्दांत पानेच्या पाने खर्चूनही न साधणारी गोष्ट, म्हणजे या मुलखात माणूस किती उघडा आणि किती निराधार आहे, ही एका दृष्टिक्षेपात कळते.

करवंटीच्या टापा आणि न जाणारा नायक

आकाशवाणीला क्षितिज नव्हते. तिने नारळाच्या दोन करवंट्या घेतल्या, त्या वाळूच्या पेटीत आपटल्या, आणि श्रोत्यांनी आपापल्या मनातले क्षितिज पुरविले. डेट्रॉइटच्या केंद्रावरून १९३३ साली सुरू झालेला ‘द लोन रेंजर’ हा मुखवटाधारी स्वार अशा टापांवर आणि रॉसिनीच्या संगीतावर घराघरांत पोहोचला. १९५२ साली आलेल्या ‘गनस्मोक’ने मात्र या माध्यमाकडून प्रौढ काम करून घेतले, त्यात लाकडी फळ्यांवर वाजणारे बूट, दूरवर भुंकणारे कुत्रे आणि दोन वाक्यांमधली शांतता यांवर डॉज सिटी नावाचे गाव उभे राहिले.

मग ही मालिका १९५५ साली दूरचित्रवाणीवर गेली आणि एक अडचण पुढे आली, जिचा फारसा विचार होत नाही, पण मला ती या साऱ्या इतिहासातील सर्वांत शिकविणारी वाटते. यंत्राचा नियम असा, की नायकाने शेवटी गाव सोडावे. दूरचित्रवाणीचा नियम असा, की नायकाने पुढच्या आठवड्यात त्याच वेळी पुन्हा हजर असावे. या दोन नियमांची तडजोड कशी करावयाची? एक उपाय असा, की नायकाला पगारी अंमलदार करावे, म्हणजे गाव सोडण्याचे काम दर आठवड्याच्या पाहुण्या पात्राकडे जाते आणि नायक ते पाहात मागे उरतो. ‘गनस्मोक’ने हाच मार्ग धरला आणि वीस वर्षांत ६३५ भाग केले. दुसरा उपाय असा, की गावच चालते करावे: गाड्यांचा तांडा किंवा गुरांचा कळप घेऊन सारे पात्रमंडळ पुढे पुढे सरकत राहावे. ‘वॅगन ट्रेन’ आणि तरुण क्लिंट ईस्टवुडचा ‘रॉहाइड’ हे त्या घडणीचे. तिसरा उपाय ‘बोनान्झा’चा, तेथे नायक एकटा नसून बाप आणि तीन मुलगे आहेत आणि सारी जमीन त्यांचीच आहे, त्यामुळे सोडून जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. वेस्टर्नचे कौटुंबिक कथेत रूपांतर झाले ते असे, केवळ वेळापत्रकाच्या दाबाने.

१९५९ च्या सुमारास अमेरिकेत संध्याकाळच्या मुख्य वेळेत पंचवीसहून अधिक वेस्टर्न मालिका चालू होत्या. रोजच्या जेवणात एकच भाजी आली म्हणजे जे होते तेच पुढे झाले. पण चालत्या तांड्याची कल्पना मेली नाही. जीन रॉडनबेरी यांनी ‘स्टार ट्रेक’ निर्मात्यांपुढे मांडली ती ताऱ्यांकडे निघालेली ‘वॅगन ट्रेन’ म्हणून, आणि १९६६ पासून माळरानाच्या जागी अंतराळ आले.

स्पेनचे वाळवंट आणि विलंबित लय

इतक्यात यंत्राचे भाग परदेशी कारागिरांच्या हाती पडले होते. जपानचे अकिरा कुरोसावा हे जॉन फोर्ड यांचे चाहते. त्यांच्या १९५४ च्या ‘सेव्हन सामुराई’मध्ये दरोडेखोरांनी गांजलेले शेतकरी भुकेल्या योद्ध्यांना भाताच्या बदल्यात राखणीला आणतात. शेवटी वाचलेले योद्धे आपल्या साथीदारांच्या थडग्यांपुढे उभे असतात आणि खाली चिखलात गाणी म्हणत भाताची लावणी चाललेली असते. कोकणातला वाचक त्या दृश्यापाशी क्षणभर थांबेल. तोच चित्रपट १९६० साली ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ बनून अमेरिकेच्या वेशात परतला. कुरोसावांच्याच ‘योजिंबो’वरून (१९६१) इटलीचे सर्जिओ लिओने यांनी १९६४ साली ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ केला, परवानगी न घेता, त्यामुळे प्रकरण कज्ज्यात गेले आणि तडजोडीने मिटले.

लिओने यांनी बदलले ते दोन भाग. पहिला म्हणजे नायकाचे मन. तो आता गावासाठी येत नाही, पैशासाठी येतो. दुसरा म्हणजे काळ, आणि त्यामागे एक यांत्रिक कारणही आहे. सामान्यतः फितीवरील प्रत्येक चित्राला कडेच्या चार छिद्रांएवढी उंची लागते. त्यांनी वापरलेल्या टेक्निस्कोप पद्धतीत दोनच छिद्रांची लागे. फीत निम्मी खर्च होई आणि चित्र आपोआप आडवे, रुंद मिळे. या रुंद चौकटीत लिओने यांनी कपाळ आणि हनुवटी वगळून नुसते डोळे भरले, मग एकाएकी स्पेनच्या आल्मेरियाचे सारे वाळवंट भरले, आणि या दोहोंच्या अदलाबदलीत एका गोळीपूर्वीची काही सेकंदे मिनिटांवर लांबविली. विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. सम कोठे पडणार हे ठाऊक असते. गवयी तिच्याकडे जितका सावकाश जाईल तितकी ओढ वाढते. एन्नियो मोरिकोने यांनी शिट्टी, चाबकाचा फटकारा, घंटा आणि मानवी कंठ घेऊन या लयीला सूर दिले. ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’चे (१९६८) संगीत तर त्यांनी चित्रणाआधीच रचले, आणि चित्रणाच्या जागी ते वाजवून नटांच्या हालचाली त्याबरोबर बसविल्या गेल्या.

रामगढला पोलीस केव्हा आले

याच वाटेने यंत्र आपल्याकडे आले. १९७१ साली तेलुगूत ‘मोसगाळ्ळकु मोसगाडु’ हा घोडे, टोप्या आणि पिस्तुले यांसह पुरा काउबॉयपट निघाला, आणि त्याच वर्षी राज खोसला यांच्या ‘मेरा गाँव मेरा देश’ने दरोडेखोर, गाव आणि बाहेरून आणलेला गुन्हेगार-रक्षक ही मांडणी हिंदीत रुजविली. ‘शोले’च्या लेखकद्वयाने, सलीम-जावेद यांनी, तीत एक बारीक आणि मोठा फरक केला. त्यांचा ठाकूर स्वतः पूर्वीचा पोलीस अधिकारी आहे. गब्बर या दरोडेखोराने त्याचे हात तोडले आहेत, म्हणजे कायद्याचा हात पोहोचत नाही ही वेस्टर्नची मूळ अट येथे अक्षरशः एका माणसाच्या शरीरावर लिहिलेली आहे. तो हात परत मिळविण्यासाठी ठाकूर दोन चोर उसने आणतो. काम झाल्यावर एक काटा चितेवर जातो आणि दुसरा आगगाडीत बसून गाव सोडतो.

मूळ शेवटात ठाकूर गब्बरला स्वतःच्या पायांखाली ठार करतो. आणीबाणीच्या दिवसांतल्या सेन्सॉर मंडळाला हे मान्य झाले नाही. माजी का होईना, पोलीस अधिकाऱ्याने कायदा हाती घ्यावा हे मंडळाला नको होते. शेवट पुन्हा चित्रित करावा लागला, आणि प्रेक्षकांनी पाहिला त्या चित्रपटात ऐन वेळी पोलीस येऊन गब्बरला ताब्यात घेतात. लिबर्टी व्हॅलन्सच्या गोष्टीतील संपादकाने जे कथेच्या आत केले, ते येथे कथेच्या बाहेरून झाले.

दोरी खेळणाऱ्याच्या हाती

संगणकीय खेळांनी यंत्राची दोरीच प्रेक्षकाच्या हाती दिली. १९७१ साली मिनेसोटातील तिघा प्रशिक्षणार्थी शिक्षकांनी इतिहासाच्या तासासाठी ‘द ओरेगन ट्रेल’ तयार केला. तेव्हा पडदाही नव्हता, टंकयंत्रासारख्या उपकरणावर कागद उमटे; शिकार करावयाची तर ‘बँग’ हा शब्द जितक्या चपळाईने टंकित कराल तितका नेम अचूक. पिठाचा आणि काडतुसांचा हिशेब चुकला की प्रवासी वाटेत मरत. बंदुकीपेक्षा बेगमी महत्त्वाची, हे खऱ्या इतिहासातील सत्य चित्रपटांपेक्षा त्या कागदी खेळाने अधिक चांगले शिकविले.

२०१० च्या ‘रेड डेड रिडेम्प्शन’मध्ये काळ १९११ चा आहे, मोटारी आल्या आहेत, तारा पसरल्या आहेत. जॉन मार्स्टन हा जुना दरोडेखोर शेतकरी होऊ पाहतो. सरकारी माणसे त्याच्या बायकामुलाला अडकवून ठेवतात आणि त्याच्याच जुन्या साथीदारांना मारण्याच्या कामी त्याला जुंपतात. काम झाल्यावर तीच माणसे त्याच्या शेतावर येऊन त्याला ठार करतात. खेळणाऱ्याने दहा-वीस तास ज्याच्या हातांनी गोळ्या झाडल्या, त्याचा शेवट खेळणाऱ्याच्याच डोळ्यांदेखत होतो आणि कितीही कौशल्याने तो चुकविता येत नाही. दुसरा काटा फेकला जातो तेव्हा काट्याला काय वाटते, हे इतक्या जवळून कोणत्याही पुस्तकाने मला दाखविले नव्हते.

पाय कोणाचा

काट्याच्या म्हणीत दोन काटे आहेत आणि एक पाय आहे. तो पाय कोणाचा, हे वेस्टर्नने दीर्घकाळ विचारलेच नाही. तो वसाहतवाल्यांचा आहे असे गृहीत धरूनच कथा चालली. ज्या जमिनीच्या सनदा वाटल्या गेल्या त्या जमिनीवर लोक राहात होते, त्यांच्याशी तह झाले होते आणि ते तह मोडले गेले होते. २९ डिसेंबर १८९० रोजी वुंडेड नी येथे सैन्याने अडीचशेहून अधिक लकोटा मारले, त्यांत बायका-मुले मोठ्या संख्येने होती. आणि त्यानंतर कैदेत असलेल्या काही लकोटांना सोडण्यात आले ते बफेलो बिलच्या तांड्याबरोबर युरोपच्या दौऱ्यावर जाण्यासाठी. ज्यांचा पराभव झाला त्यांनीच रिंगणात रोज तो पराभव खेळून दाखवावा, या गोष्टीचा विचार करताना मन सुन्न होते.

मॉन्युमेंट व्हॅली ही नावाहो लोकांची भूमी. फोर्ड यांच्या चित्रपटांत तेथील नावाहोंनी कधी अपाची, कधी कोमांची, कधी शायेन बनून काम केले; त्यांची भाषा कोणाला कळत नसल्याने ते काय बोलतात याकडे कोणी लक्ष दिले नाही. वारे बदलले ते हळूहळू. पूर्व जर्मनीने १९६६ पासून मूलनिवासींना नायक करून चित्रपट काढले, अमेरिकेत १९७० चा ‘लिटल बिग मॅन’ आला, १९९० च्या ‘डान्सेस विथ वुल्व्ह्ज’मध्ये लकोटा पात्रे लकोटा भाषेत बोलू लागली, तरी त्याचा नायक गोराच राहिला, १९९८ च्या ‘स्मोक सिग्नल्स’ची पटकथा आणि दिग्दर्शन दोन्ही मूलनिवासींच्या हातची होती आणि त्यात घोडे नव्हते, आजच्या वस्तीतली दोन मुले होती.

२०१३ साली ‘स्टार वॉर्स’ हा अंतराळातला वेस्टर्न नावाहो भाषेत रूपांतरित होऊन त्यांच्या राजधानीत, विंडो रॉक येथे, दाखविला गेला. आणि २०२१ साली त्यांनी एक खराखुरा वेस्टर्न आपल्या भाषेत आणावयाचे ठरविले, तेव्हा फोर्ड यांचा त्यांच्याच डोंगरांपुढे चित्रित झालेला एखादा चित्रपट न घेता लिओने यांचा ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ घेतला. कथा जपानची, दिग्दर्शक इटलीचा, वाळवंट स्पेनचे, नट कॅलिफोर्नियाचा; त्या ओसाड रस्त्यावरची सारी माणसे आता नावाहो बोलतात, आणि आजी-आजोबा नातवंडांना शेजारी बसवून ती ऐकतात.